माणसाला दीड फूट पुरे

सोमवार, ४ नोव्हेंबर. सकाळी ७.१०
आजपासून सायकल. एकवीस गिअर, लाल हेल्मेट.
सुहासिनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला. फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या, वॉकर घेऊन रोज कोपऱ्यापर्यंत चाला, एकही दिवस चुकवू नका. गुडघा आखडला तर पुन्हा भूल देऊन वाकवावा लागेल. कोपऱ्यावर लीलाबाईंचं घर. तिथे चहा ठरलाय. सोबत जायचं मी कबूल केलं होतं, पण बायकोच्या वेगाने चाललो तर माझेच गुडघे आखडतील. सायकलवरून सोबत करीन. फुटपाथवरूनच. रस्त्यावर सांगलीचे ड्रायव्हर असतात.
आम्ही मूळचे साताऱ्याचे. तिथे चढउतार आहेत, माणसाला ब्रेक माहीत असतो. सांगली सपाट. माणसं सुटली की सुटली.

बुधवार, ६ नोव्हेंबर
पादचारी या जमातीबद्दल माझं मत आधीच वाईट होतं. आता पुरावे आहेत. चौघी जणी ओळीने चालतात, पाचवी मागून येऊन मध्ये घुसते. एक गृहस्थ मोबाइलवर बोलत स्वतःभोवती प्रदक्षिणा घालत होता. घंटी वाजवली की सगळे वळून बघतात. बाजूला कोणी होत नाही.
सुहासिनीच्या मागे घंटी वाजवली. दचकली. वॉकर हातातून सुटता सुटता राहिला. चूक तिची. घंटी घरचीच होती.
लीलाबाईंना तिने काय सांगितलं कोण जाणे. माझ्या चहात साखर नव्हती.

शनिवार, ९ नोव्हेंबर
समोरच्या बंगल्यातला उदयसिंह. ऊस भरपूर, अक्कल बेताची. लग्नाच्या हॉलएवढी काळी गाडी, दोन चाकं फुटपाथवर. मला उतरावं लागलं. स्पष्ट सुनावलं, की फुटपाथ चालणाऱ्यांसाठी असतो. तर म्हणतो, "आवं काका, मग तुमी कवा चालताय? सायकलीला काय पाय हायत व्हय?" चोख उत्तर सुचलं. तो गेल्यावर.
शिवाय सिग्नल लागला की मोटारसायकली सरळ फुटपाथवर चढतात. फुटपाथवर चाकं! असंस्कृतपणाला सीमा नाही. इतका संताप आला, की एका हाताने सायकल चालवत दुसऱ्या हाताने फोटो काढले.

मंगळवार, १२ नोव्हेंबर
कॉलनी समितीची मीटिंग. फुटपाथच्या दोन्ही तोंडांना लोखंडी खांब रोवायची माझी सूचना एकमताने मंजूर. (जेवणाची वेळ झाली होती.) मोजमाप माझ्याकडे. ते कोणाकडे असणार? चौतीस वर्षं जमिनी मोजल्या. सख्खे भाऊ माझ्या खुणेवर उभे राहून भांडले, पण खूण चुकली असं कोर्टसुद्धा म्हणालं नाही.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर
जतकडचा बिरदेव वेल्डर आला. खांबांत किती अंतर ठेवायचं, विचारलं. मोटारसायकलचं हँडल सव्वादोन फूट. म्हणून दीड फूट सांगितलं. लगेच अक्कल शिकवायला लागला. "साहेब, दीड फूट लय बारीक हुतंय. गाभण शेळीबी अडकंल." फुटपाथ शेळ्यांसाठी नाही, माणसाला दीड फूट पुरे, असं ठणकावलं. दोन काठ्या धरायला लावून मधून स्वतः गेलो. आरामात. (श्वास रोखून.) सायकल हँडल तिरकं करून जाईल. ते कौशल्याचं काम आहे.
कुणी म्हातारंकोतारं हितनं येतंय-जातंय का, असंही विचारत होता. माझ्या घरात तरी कोणी म्हातारं नाही, सांगितलं.

रविवार, १७ नोव्हेंबर
खांब उभे. पिवळे-काळे पट्टे. नारळ फोडला. प्रात्यक्षिक म्हणून सायकलवरून मधून गेलो. हँडल आत गेलं. बाहेर आलं नाही. बिरदेव आणि उदयसिंह यांनी ओढून काढलं. उदयसिंह हसला. अशा लोकांना हसायला वेळ असतो.

सोमवार, १८ नोव्हेंबर
वॉकर दोन फूट रुंद आहे.
सुहासिनी खांबांपाशी थोडा वेळ उभी राहिली आणि परत फिरली. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "अहो, सगळ्या तालुक्याची जमीन मोजलीत. घरातला वॉकर तेवढा राहिला."
एवढे रुंद वॉकर बनवतं कोण? पत्र लिहिणार.

बुधवार, २० नोव्हेंबर
बिरदेव गावी गेलाय, फोन उचलत नाही. आपण वॉकर उचलून पलीकडे ठेवायचा, तोवर तिने खांबाला धरायचं, अशी योजना मांडली. ती वॉकर घेऊन आतल्या खोलीत गेली.
तीन दिवस चालणं बंद. गुडघा सुजलाय. आज पायरी उतरताना तिने तोंडातून आवाज काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

गुरुवार, २१ नोव्हेंबर. सकाळी ८
मी फुटपाथवर सायकलवर. बघतो तर सुहासिनी वॉकर घेऊन भर रस्त्यातून चाललीय. तिच्यामागे उदयसिंहाची काळी गाडी, दोन्ही इंडिकेटर लावून, मुंगीच्या चालीने. त्याच्यामागे निम्मी सांगली हॉर्न वाजवत होती. त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलेलं. "काकू, सावकाश! वाजवूदे त्येंना, आपल्याला काय घाई न्हाई!"
शेजारून सोबत करत खांबांपर्यंत गेलो. ते पुढे गेले. लीलाबाईंकडे तिघांचा चहा झाला. खांबांपासून दिसत होता. उतरून जाता आलं असतं, पण सायकल कोण धरणार?

शुक्रवार, २२ नोव्हेंबर
बिरदेव सोमवारी येऊन दोन्ही तोंडांचा मधला खांब कापणार. टेप तो धरणार म्हणे.
सायकल घरी ठेवली. पंक्चर.
चालत गेलो. सुहासिनीच्या उजव्या बाजूला, रहदारीकडून. दोनशे मीटरला एकोणीस मिनिटं लागली. ती मध्ये दोनदा थांबली, तेव्हा मीही थांबलो. मागे काळी गाडी होतीच. कोपऱ्यापाशी उदयसिंहाने गंमत म्हणून हॉर्न दिला. मी केवढ्याने दचकलो.
सुहासिनी म्हणाली, "घाबरू नका. घरचाच आहे."
चहात साखर होती.
सायकल पंक्चर नव्हती.