खोली रिकामी असली पाहिजे

सोमवार, ३ नोव्हेंबर
आले एकदाची वडगावात! साईराजनं टेम्पोतनं गादी उतरवली, जिन्यानं वर आणली आणि 'तायडे, आता तू राणी' म्हणून संकेश्वरला परत गेला. घरून काम करायचं, तर इंटरनेट नीट हवं, ते आमच्या संकेश्वरात नाही, म्हणून ही खोली. खाली घरमालकीण जयाबाईंचे माग चालतात. फरशी सतत थरथरते, तांब्यातलं पाणीसुद्धा. दोन दिवसांत सवय होईल, मग आवाज बंद पडला की झोप यायची नाही, असं त्या म्हणाल्या. जेवायला भाकरी आणि झुणका घेऊन वर आल्या. आयुष्यात पहिल्यांदा एकटी राहतेय. मजा वाटतेय.

बुधवार, ५ नोव्हेंबर
कामाला सुरुवात. एक जुनी लायब्ररी, म्हणजे इतरांनी आपापल्या प्रोग्रॅममध्ये वापरायचा तयार कोड, तिची नवी आवृत्ती काढायची आहे. सोबत एक लुटुपुटूचं वेब ॲप आहे, फक्त तपासणीसाठी बनवलेलं. त्यात एक घर, खोल्या, भाडेकरू. टेस्ट चालवली की वरच्या खोलीत भाडेकरू येतो, मग त्याला काढलं जातं, आणि शेवटी खोली रिकामी आहे ना ते बघितलं जातं. रिकामी असेल तर हिरवी ओळ, म्हणजे पास. काम समजावणारा मंथन बेंगळुरात असतो. फोनवर मोजकंच बोलतो.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
टेस्ट अडली. नव्या आवृत्तीत भाडेकरूला पूर्ण नाव लागतं. जुनीत ती जागा कोरी होती. कुणाचं नाव घालायचं? खिडकीत उभी राहिले. खाली जयाबाई मागासाठी सुताच्या कांड्या भरत होत्या, गल्लीत ओळखीचं कुणी नाही. शेवटी माझंच घातलं. सौम्या पाटील, वरची खोली, वडगाव. लगेच हिरवी ओळ! वेडेपणाच, पण आपलं नाव कुठंतरी लिहिलं गेलं याचं बरं वाटलं. संध्याकाळी मंथननं आवृत्ती सगळ्यांसाठी खुली केली.

रविवार, ९ नोव्हेंबर
भाजी घेऊन आले तर माझ्या दाराला बाहेरून कुलूप. जयाबाईंनी लावलेलं. खोली मोकळी म्हणून लावलं म्हणाल्या. मग माझ्याकडं बराच वेळ बघत राहिल्या. 'व्हय की गं, तू हाईस न्हवं.' हसल्या. मीही हसले.
भाकरी आली नाही आज.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
मंथनला फोन केला. कोण बोलतंय, असं त्यानं विचारलं. मला चेष्टा वाटली. त्यानं सभ्यपणे सांगितलं की या कामावर तो पहिल्यापासून एकटाच आहे.
आईचा रोजचा फोनही आलेला नाही. मीच लावते, नुसता वाजत राहतो. आई अनोळखी नंबर उचलत नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर
आता कळलं. नवी आवृत्ती शेकडो लोकांनी उतरवून घेतलीय. कुठं कुठं टेस्ट चालतेय. दर वेळी सौम्या पाटील खोलीत येते. काढली जाते. खोली रिकामी. हिरवी ओळ.
कोडमधनं नाव काढायला बसले. आत जाताच येत नाही. असं खातंच नाही म्हणे.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
जयाबाई एका मुलीला आणि तिच्या वडिलांना खोली दाखवायला वर आल्या. मी कॉटवर बसले होते. मला बघून दचकल्या. इतके दिवस माझ्याशी मराठीत बोलणाऱ्या बाईंनी कन्नडमध्ये विचारलं, यारु बेकु, कोण पाहिजे. मी सांगितलं, तुम्हीच मला भाकरी आणून दिली होती. त्या घाबरल्या. मग त्यांना माझी कीव आली, ते जास्त लागलं. मुलीच्या वडिलांना म्हणाल्या, 'खोली दिवाळीपासनं मोकळीच हाय बघा.'
पिशवी उचलली. कुणी अडवलं नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
संकेश्वर. आमची गल्ली. दार आईनंच उघडलं —
ओळखलं नाही.
पण हाकललंही नाही. उन्हातनं आलीस म्हणाली, कट्ट्यावर बसवलं. आतून साईराज विचारत होता, कोण आलंय गं. कुणी पोरगी हाय, दमलीय, असं तिनं सांगितलं.
कट्ट्यावरच लिहितेय. कट्टा थरथरल्यासारखा वाटतोय — इथं तर माग नाहीत —

पाणी घेऊन आली. शेजारी टेकली. माझ्या केसांकडं बघत म्हणाली, 'आम्हास्नी एकच पोरगा. पोरगी पायजे होती लई. झाली न्हाय.'

पाठीवर हात ठेवलाय तिनं. नाव काय बाळ तुझं, विचारतेय. सांगते. सांगते ना, आई, थांब. माझं नाव —