उजवा कौल

अण्णा, काल गावाला जाऊन आले. मलकापूरपुढच्या फाट्यापासून चालत गेले, पाय अजून दुखताहेत. माझ्या आजच्या वयाचे असताना तुम्ही सांगलीच्या शाळेत दिवसभर शास्त्र शिकवून संध्याकाळी मला कृष्णाकाठी न्यायचात. पृथ्वी आधी कशी तापलेली होती, कशी निवली, पाण्यात पहिला जीव कसा हलला असेल, ते सांगायचात. एकदा मी विचारलं, "त्याच्याही आधी काय होतं?" तुम्ही म्हणालात, "ठाऊक नाही." मी म्हटलं, आई म्हणते देव होता. "असेलही. मला ठाऊक नाही. ठाऊक नाही म्हणायला लाजू नये, बाळ." तुमच्या सगळ्या बोलण्यात मला हेच मोठं वाटत आलं.

आणि तरी वर्षातून एक महिना आपण गुरवच. भैरोबाच्या पूजेची पाळी भावकीत फिरत आपल्या घराकडे आली, की मे महिन्याच्या सुट्टीत कोट खुंटीला लावून तुम्ही गाभाऱ्यात उभे. पारावर बसलेला एकजण हसायचा, "मास्तर, साळंत देव न्हाई म्हणून सांगता, आन हितं घंटा बडवताय व्हय?" तुम्ही म्हणायचात, "शाळेत विचारल्याशिवाय सांगत नाही, गड्या. आणि इथं विचारलंस तरी सांगणार नाही."

लढाईची वर्षं. मी दहाची असेन. गावातले निम्मे तरणे पलटणीत गेलेले. त्या सकाळी खालच्या आळीतली म्हातारी येते, मागे तिची सून, पदर दातांत धरलेली. "आवं मास्तर, चार म्हैनं झालं, लेकाचा कागूद न्हाई. देवाला इचारा, हाय का न्हाई त्यो." तुम्ही देवाच्या छातीवर दोन पाकळ्या पाण्यानं चिकटवता. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. एकही पडली नाही तर देव बोलत नाही, मुकाट्यानं घरी जायचं. मी समईपाशी उभी आहे म्हणून मला दिसतं, की लावण्याआधी उजवी पाकळी तुम्ही उपरण्याला टिपून घेता. कमी ओली असेल ती लवकर वाळते आणि सुटते, हे तुम्हीच मला घरी काचेवर पानं चिकटवून दाखवलं होतं. थोड्या वेळानं उजवी पडली. म्हातारीनं उंबऱ्यावर डोकं टेकलं. "हाय गं, हाय त्यो!" ती सुनेला म्हणाली आणि दोघी तिथंच रडल्या. वाटेत मी काही विचारायच्या आत तुम्ही ओरडलात, "तू काही पाहिलेलं नाहीस." एवढ्या मोठ्यानं तुम्ही माझ्यावर कधी ओरडला नव्हतात.

पावसाळा सरल्यावर तार आली. म्हातारी तिला हात लावेना. "सायबाचा कागूद खोटा. माझ्या देवानं सांगितलंय." दहावा नाही, तेरावा नाही. सुनेच्या कपाळाला ती रोज स्वतःच्या हातानं कुंकू लावायची. सुनेच्या माहेरचे पाट लावून द्यायला तयार होते, त्यांना तिनं दारातूनच परत धाडलं. नवरा जिता असलेल्या बाईचा पाट कसा लावता, म्हणाली. तुम्ही त्यानंतर कौल लावला नाहीत. तिच्या घरी जाऊन खरं सांगितलंही नाहीत. पृथ्वीची गोष्ट बंद झाली, नदीवर जाणंही. दोन वर्षांनी तुम्ही गेलात.

मी पुष्कळ वर्षं हे तोलत आले. देव असता तर त्यानं डावी पाडली असती, असं वाटतं. मग वाटतं, तुम्ही त्याला तेवढी जागा तरी कुठं ठेवलीत? शास्त्राला दोष द्यावा, तर ते बिचारं तुमच्या हातात होतं. दोघांपाशीही 'ठाऊक नाही' हे एक खरं उत्तर होतं. दोन्ही पाकळ्या नीट भिजवल्या असत्या तर देव गप्प राहिला असता. त्या बाईपुढं तुम्हाला ते उत्तर देववलं नाही. आता मला तुमचा राग येत नाही, नुसता थकवा येतो.

काल ती सून भेटली. पन्नाशी उलटली आहे, सासू जाऊनही बरीच वर्षं झाली, कुंकू तसंच. माझ्याबरोबर फाट्यापर्यंत चालत आली. "मास्तरांची ल्येक न्हवं तुमी? तवा आत हुब्या व्हतासा. उजवाच पडला न्हवं?"

"हो," मी म्हटलं. "उजवाच."

"मग झालं. मला कवा कवा वाटायचं, आत्याबाईंनीच मास्तरांना आधी सांगून ठिवलं आसंल, मला घरात डांबायला. देवानंच सांगितलं म्हटल्यावर राग तरी कुनाचा धरायचा?"

मी मान हलवली. नंतर गाडी येईपर्यंत आम्ही यंदाच्या उसाबद्दल बोललो.

तुम्हाला पत्र पाठवायची सोय नाही, म्हणून इतकं सगळं लिहवलं. खरं तर हे तिला लिहायला हवं होतं. तिला वाचता येतं, अण्णा. माझा चष्मा घरी राहिला होता, काल एसटीची पाटी तिनंच मला वाचून दाखवली.