बाईसाहेबांचा पाय

३ फेब्रुवारी
बदक लंगडतंय. सकाळपासून घरात दुसरा विषय नाही! "बाईसाहेब डावा पाय टेकत नाहीत." बदकाला बाईसाहेब म्हणणाऱ्या माणसाशी मी एकोणचाळीस वर्षं संसार केला. मला ताप आला तर हे दारातून विचारतात, "बरं आहे ना?" आणि त्या चोचवालीसाठी फरशीवर पालथे पडून तळपाय बघत होते.

शेवटी मीच उचललं. तळव्याला वाटाण्याएवढी काळी खपली, भोवती सूज. एका नजरेत सांगितलं — आत पू आहे. तर म्हणतात, "डॉक्टरांना दाखवू या का?" बत्तीस वर्षं सर्जिकल वॉर्डात काढली मी. निवृत्तीनंतरही आठवड्यातून तीन सकाळी हॉस्पिटल मला ड्रेसिंगला बोलावतं. आणि जन्मभर डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं उचकटणारा माणूस मला विचारतो — दाखवू या का!

४ फेब्रुवारी
दाखवलं. नाहीतर हे जेवलेच नसते.

प्राण्यांचा डॉक्टर म्हणजे सगळा आनंदच. हातमोजा घालतानाच फाडला. बोलतो बदकाशी, आपल्याशी नाही. खपली काढून आतली पुवाची घट्ट गुठळी सबंध बाहेर काढली, तेवढं मात्र जमलं त्याला. यांनी बदकाचं डोकं काखेत धरलं होतं आणि डोळे स्वतःचे मिटले होते!

"कडक फरशीवर राहून होतं हे. मागच्या अंगणात सिमेंट आहे म्हणता, ते कुणी घातलं?" मी घातलं. चिखलाचे पंजे माझ्या स्वयंपाकघरात नकोत म्हणून घातलं. पण याला कशाला सांगू? हेही नुसते माझ्याकडे बघणार नाहीत अशा बेतानं उभे राहिले.

रोज कोमट मिठाच्या पाण्यात पाय, मग मलम, मग पट्टी. खाली मऊ अंथरूण. दहा-बारा दिवसांत भरलं नाही तर विष हाडात उतरेल. "मग पाय काही वाचत नाही. आणि एका पायावर हिचे हाल होतील. कायमचं झोपवावंच लागेल."

यांनी चष्मा काढून पुसला. परत घातला. परत काढून पुसला.

मी ठणकावून सांगितलं — ड्रेसिंग मी करणार. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

५ फेब्रुवारी
पहिलं ड्रेसिंग. बदकानं माझ्या मनगटाला चावा घेतला आणि ॲप्रनवर घाण केली. कृतज्ञता!

पट्टी कशी बांधतात ते यांनी एकदा बघून घ्यावं म्हणून समोर बसवलं. आतून बाहेर, बोटांच्या फटींतून, मग घोट्यावर दोन वेढे. वर चिकटपट्टी, तिच्यावर पेनानं वेळ आणि सही. स. ७.१०. वॉर्डातला माझा नियम — सही नसलेली पट्टी बेवारशी.

"जास्त घट्ट नाही ना होत?" म्हणे.

मी नुसतं बघितलं. पुढचं तोंडातल्या तोंडात राहिलं त्यांच्या.

७ फेब्रुवारी
वरच्या मजल्यावरची दीडशहाणी आली. हातात मोबाइल. "यात दाखवलंय, मध लावायचा." मी म्हटलं, लावा तुमच्या मोबाइलला. नाक मुरडून गेली. गेली ते बरं झालं.

काल बांधलेली पट्टी आज कात्रीनं एका फटक्यात कापली. उलगडत बसायचे चोचले नव्या मुलींनी करावेत. खाली सूज कमी वाटली. वाटायलाच हवी.

८ फेब्रुवारी
हॉस्पिटल. परवा मी बांधलेला हात घेऊन तो भाजलेला ट्रकवाला परत आला. "सिस्टर, फार आवळली होती हो. बोटं निळी पडली." एवढा आडदांड माणूस आणि तक्रार काय तर पट्टी! नव्या मुलीनं लगबगीनं सोडून पुन्हा बांधून दिली, वर मलाच सांगते, "मी बघते मॅडम, तुम्ही बसा." बसा म्हणे! हिला गाठ मारायला मी शिकवलं. लोकांना सगळं हलक्या हातानं हवं आणि जखमही भरायला हवी. जमत नाही असं.

९ फेब्रुवारी
हे दुपारी मागे बदकापाशी असतात. खुर्ची नेलीय, भिंगसुद्धा नेलंय. बदकाचं घड्याळ करणार बहुतेक.

११ फेब्रुवारी
जखम सुकतेय! कडा गुलाबी, वास नाही. यांना बोलावून दाखवलं. म्हटलं, हाताचा गुण असतो. "असतो," म्हणाले. एवढंच. माणसाला चार शब्द जास्त बोलायला काही लागतं का? बदकाशी मात्र तासभर गप्पा.

१३ फेब्रुवारी
बदक पाय टेकतंय. मला बघून पळतंय. कृतघ्न.

१५ फेब्रुवारी
संध्याकाळी डॉक्टरकडे नेलं. मी मुद्दाम इस्त्रीची साडी नेसले. म्हटलं, बघू दे त्याला, काम कशाला म्हणतात.

त्यानं कात्री घेतली नाही. वेढा वेढा सोडवत गेला, आणि सोडवताना थांबला. "हे कुणी बांधलं? खाली बोट अलगद सरकतंय, तरी पट्टी जागची हललेली नाही. बदकाच्या पायावर मला नाही जमत असं." मी घसा साफ केला. उत्तर देणार — आणि पट्टीकडे लक्ष गेलं.

माझे वेढे आतून बाहेर जातात. बत्तीस वर्षांत एकदाही उलटे गेले नाहीत. हे बाहेरून आत आले होते. वरची चिकटपट्टी माझी. सही माझी. स. ७.१० माझेच. वेढे माझे नाहीत.

आमच्या घरात डावखुरं माणूस एकच आहे.

तो पोरगेला डॉक्टर माझ्याकडे बघून हसत होता. "तुम्हीच ना?" हे म्हणाले, "हो, हीच."

पाय वाचला आहे. झोपवायला नको. खरं तर घरी जाऊन आनंद व्हायला हवा होता.

१६ फेब्रुवारी
चहा पुढ्यात ठेवून विचारलं. सरळ. किती दिवस चाललंय हे?

"पहिल्या दिवसापासून."

"का?"

"दुपारी पंजा हातात घेतला तर गार लागला. फुगला होता. सोडून सैल बांधली."

"आणि सांगितलं नाही!"

"तू ऐकलं असतंस?"

"मग माझी चिकटपट्टी परत कशाला लावायची? बांधलीत ना तुम्ही, मिरवा की!"

"सही तुझी आहे. ती मी कशी काढू?"

मग जे तोंडाला येईल ते बोलले मी. घड्याळजी म्हटलं, चोर म्हटलं. माझा हात शल्यविशारदांनी वाखाणलाय, तुम्ही कोण! ते खाली बघून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "हात तोच आहे गं. बोटांना कळत नाहीये तुझ्या. दिवाणखान्याची कडी तू दोनदा लावतेस. आत्ता कप कसा धरलायस बघ."

बघितलं. कान सोडून, दोन्ही बाजूंनी मुठीत धरला होता. चहाला वाफ येत होती. यांनी आपला कप अजून उचललाही नव्हता.

"काहीतरीच," मी म्हणाले आणि पिऊन टाकला. जीभ पोळली.

तो ट्रकवाला दिवसभर डोळ्यांपुढे आहे. किती जणांनी तोंड उघडलं नसेल? मला यांचा राग आलेला नाही. भीती वाटतेय. ती फक्त इथे लिहिते.

१७ फेब्रुवारी
आज हॉस्पिटलचा दिवस. साडेआठ वाजले तरी निघाले नाही. शिवणाच्या डब्यातली सुई यांच्या हातात दिली, डोळे मिटले, उजवा हात पुढे केला. म्हटलं, टोचा. एकेका बोटाला.

बराच वेळ काहीच नाही. मागे बदक ओरडत होतं.

"टोचा की! घाबरता काय?"

"पूस आधी," म्हणाले. "रक्त आलंय."