ह्यांचे धुतलेले हात

मंगळवार, ३ फेब्रुवारी

…आणि चहाच्याही आधी खालची बादली. सकाळचं पहिलं काम तेच. खाली दुकानात जायचं, ह्यांच्या बाकाशेजारची बादली भरायची, साबणाची वडी आहे ना बघायचं, धुतलेल्या रुमालांची चळत खणात ठेवायची. मग हे उतरायचे. हात धुवायचे, पुसायचे, बोटांच्या टोकांवर रबरी टोप्या चढवायचे आणि भिंग डोळ्याला लावायचे. दुपारपर्यंत बादली निम्मी. मी चहाचा कप पुढे केला की म्हणायचे, "ठेव तिथं. हात ओले आहेत." घड्याळं दुरुस्त करायची म्हणजे स्वच्छता आलीच. माझा नवरा किती टापटिपीचा, म्हणून मी शेजारीपाजारी मिरवून घेतलं.

हे गेले आणि बादली उपडी झाली. दुसरं वर्ष सरत आलं.

आज आठवण निघाली ती लेकीमुळे. ह्यांनी तिला बाकाजवळ कधी फिरकू दिलं नाही. "या कामात हातांचे हाल होतात," एवढंच म्हणायचे. हे गेल्यावर ती हट्टानं परगावी जाऊन काम शिकून आली. आता वर, स्वयंपाकघरातल्या टेबलावर सराव करते. पण तिचे तळहात! अक्षरशः ठिबकतात. लहानपणी वही भिजायची, तेव्हा आम्ही म्हणायचो परीक्षेची भीती. आज कळलं की शिकवणाऱ्यांनी तिला निरोप देताना सांगितलंय— "डोकं छान आहे तुझं, पण तुझे हात पोलाद खातात." तिनं हाताळलेल्या बारीक चाकांवर थोड्याच दिवसांत तांबूस डाग येतात.

संध्याकाळी भाऊजी आले, ह्यांचे धाकटे भाऊ. जागा दोघा भावांची. "वहिनी, मार्चअखेर दुकान भाड्यानं देऊन टाकू. मोबाइलची कव्हरं विकणारा मागे लागलाय. घड्याळ आता मिरवायला घालतात हो, वेळ बघायला कोण घालतं?"

लेक म्हणाली, "काका, तेवढे दिवस तरी थांबा. मी हातांचं ऑपरेशन करून घेते."

कसलं ऑपरेशन? मला कुणी सांगितलंच नव्हतं.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं वाचनालयानं शिकवलं. आज शरीराविषयीचं जाडजूड पुस्तक आणलं. वाचता वाचता भाजी करपली.

माणसाच्या कातडीत घामाच्या वीस ते चाळीस लाख ग्रंथी असतात! एकेक म्हणजे केसाहून बारीक नळी, खालच्या टोकाला गुंडाळी झालेली. सगळ्यांत दाट तळहाताला आणि तळपायाला. आणि तळहाताचा घाम उन्हासाठी नसतोच फारसा. अंग थंड ठेवायचं काम कपाळाचं, पाठीचं. तळहात भिजतात ते मनामुळे— भीती, घाई, नाजूक काम. पकड चांगली बसावी म्हणून निसर्गानं तशी सोय केली असावी, असं लिहिलंय. काही माणसांत ती सोय थांबायचं नाव घेत नाही, एवढंच.

म्हणजे ज्या कामात जीव ओतायचा, तिथंच हात दगा देणार.

किती वेळ स्वतःचा तळहात दिव्याखाली धरून बसले होते. इतकी वर्षं भांडी घासली या हातानं, आणि आत काय चाललंय याचा पत्ता नाही.

शनिवार, ७ फेब्रुवारी

त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. वयानं लहान, पण घाई नाही. म्हणाल्या, कधीकधी घाम हा दुसऱ्याच आजाराचा निरोप असतो. थायरॉइड, साखर, अंगात मुरलेला ताप, पाळी जायचं वय, नाहीतर एखादं औषध. ते आधी तपासायचं. रक्त घेतलं.

मग त्यांनी जे केलं ते जन्मभर विसरणार नाही. लेकीचा तळहात पुसून त्यावर तपकिरी आयोडीन लावलं. वाळू दिलं. वरून पिठासारखी पांढरी पूड भुरभुरवली. "आता बघा. घाम असेल तिथं काळं होईल." आधी काहीच नाही. मग एक काळा-निळा ठिपका उमटला. मग शेजारी दुसरा. मग शेकडो! पांढऱ्या आकाशात काळ्या चांदण्या उगवाव्यात तसे. थोड्याच वेळात ठिपके एकमेकांत मिसळले आणि सबंध तळहात शाईत बुडवल्यासारखा झाला. लेक बघत राहिली. म्हणाली, "एवढं सगळं माझ्यात आहे?" जिला आजवर या हातांची लाज वाटत होती, ती हात मागे घ्यायला विसरली.

"घरात आणखी कुणाला आहे?" डॉक्टरबाईंनी विचारलं. बऱ्याचदा रक्तातून येतं म्हणे.

मी ठामपणे नाही म्हटलं. ह्यांचा हात मला चांगला आठवतो. शेवटच्या दुखण्यात शुद्ध हरपली होती, तेव्हा मी तोच धरून बसले होते. कोरडा, हलका, वाळल्या पानासारखा. तेवढा वेळ तो हात एरवी कधी हाती लागलाच नव्हता.

निघताना म्हणाल्या, "ही झोपली की तळहात बघा. या प्रकारात झोपेत घाम थांबतो."

रविवार, ८ फेब्रुवारी

दुपारी जेवून तिचा डोळा लागला. हळूच हात लावला. कोरडा! मला खरंच वाटेना. तेवढ्यात ती जागी झाली, माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या बोटांखाली तो तळहात ओला होत गेला. जमिनीतून झरा पाझरताना हाताला कळावा, तसा.

"काय गं आई?"

"काही नाही. झोप."

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

रक्तात काही नाही. म्हणजे घामामागे दुसरं दुखणं नाही, घाम हेच दुखणं.

डॉक्टरबाईंनी उपाय पायरीपायरीनं सांगितले. आधी रात्री कोरड्या हाताला लावायचं अॅल्युमिनियमच्या क्षाराचं औषध. ते नळ्यांची तोंडं बुजवतं. मग पाण्याच्या ताटल्यांत हात ठेवून विजेचा सौम्य प्रवाह. गोळ्याही आहेत, पण तोंडाला कोरड पडते. तळहातात इंजेक्शनं देतात, त्यानं काही महिने घाम आटतो. पण सुया फार दुखतात, आणि काही दिवस बोटांची पकड सैल पडू शकते. लेक लगेच म्हणाली, "चिमटा धरता आला नाही तर कोरडे हात काय चाटायचेत?"

सगळ्यांत शेवटी ऑपरेशन. छातीत, पाठीच्या कण्याच्या कडेनं एक मज्जातंतू जातो. तो तोडायचा. हात कोरडे ठणठणीत, त्याच दिवशी. पण तोडलेला पुन्हा जोडता येत नाही. आणि पुष्कळांना मग पाठीला, पोटाला, मांड्यांना घाम सुटतो. कुणाला थोडा, कुणाला कपडे बदलावे लागतील इतका. पाण्याला एक वाट बंद केली की ते दुसरी शोधतं.

घरी येऊन आमचं वाजलंच. मी म्हटलं, "आधीच्या पायऱ्या तरी चढ."

"काका मार्चअखेरपर्यंत थांबणार आहेत, आई. तोवर पायऱ्या चढून होतील का?"

सोमवार, १६ फेब्रुवारी

औषध चुरचुरतं. ती फुंकर घालते हातांवर, आणि मी बघतेय हे दिसलं की हसते.

बुधवार, २५ फेब्रुवारी

दवाखान्यात दिवसाआड ताटल्यांचा उपचार. दोन उथळ ताटल्या, नळाचं साधं पाणी, विजेची एक डबी. मी हट्टानं एक हात लेकीच्या शेजारी बुडवून बघितला. मुंग्या आल्यासारखं झालं. यानं घाम का थांबतो, हे अजून पुरतं कुणालाच उलगडलेलं नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. इतक्या शिकलेल्या बाईंनी किती सहज सांगितलं ते! मला फार बरं वाटलं.

फरक आहे. ठिबकणं गेलं, ओल आहे. टोप्या घालून तिनं एक चाक बसवलं, अजून डाग नाही. पण तिला धीर नाही. सोळा मार्चची ऑपरेशनची तारीख घेऊन आली. म्हणते, "असल्या हातांनी जन्म काढता येत नाही. कुणी काढलाय का?"



मंगळवार, १० मार्च

आजच लिहायला हवं.

सरावाला दुसऱ्यांची घड्याळं घ्यायला ती भिते. म्हणून मी माझं गजराचं घड्याळ दिलं. लग्नानंतर ह्यांनी पहिल्यांदा स्वतः जुळवलेलं. "माझंच घे. बिघडलं तर घरच्या घरी." इतक्या वर्षांत ते उघडायची वेळ आली नव्हती.

तिनं मागचं पत्र्याचं झाकण काढलं, उलटं केलं. भिंग लावलं. मग झाकण माझ्यापुढे धरलं.

आतल्या बाजूला अंगठा उमटलाय. गंजाचा. एकेक रेघ मोजता येईल असा, भोवऱ्यासकट. तिनं स्वतःचं डागाळलेलं चाक शेजारी ठेवलं. रंग तोच.

"आई, बाबा टोप्या केव्हापासून घालायला लागले?"

बुधवार, ११ मार्च

भाऊजींना बोलावून झाकण दाखवलं. त्यांनी ते उजेडाकडे नेलं आणि तिथूनच बोलले.

"दादानं पाटी धरली की अक्षर पुसलं जायचं. खेळात कुणी त्याचा हात धरायचं नाही. तुमचं लग्न ठरलं तेव्हा मला शपथ घातली— वहिनीला सांगायचं नाही."

"आणि तुम्ही पाळलीत?"

"तुम्ही गावभर त्याची टापटीप मिरवत होतात. कुठल्या तोंडानं सांगू?"

मी हसले. भाऊजीही हसले, मग डोळे पुसले.

म्हणजे जो कोरडा हात मी जपून ठेवला, तो बेशुद्धीतला होता. जागेपणीचा ह्यांचा हात मला ओलाच मिळायचा. मला वाटायचं, आत्ताच धुऊन आलेत.

लेकीनं झाकण पुसलं नाही, तसंच घड्याळाला परत बसवलं. मग दवाखान्यात फोन करून सोळा तारीख नको म्हणाली. भाऊजी ऐकत होते. जाताना त्यांच्याकडची दुकानाची किल्ली टेबलावर ठेवून गेले.

गुरुवार, १२ मार्च

आज सकाळी चहाच्या आधी खाली गेले. शटर वर केलं. बादली सुलटी केली, घासली, भरली. साबणाची नवी वडी ठेवली. खणात रुमाल ठेवले. मग लेकीला हाक मारली.