तुमचा बोर्ड काल उतरवला

अण्णा,

तुम्ही बसवलेला विजेचा बोर्ड काल सकाळी भिंतीवरून उतरवला. तुम्हाला जाऊन अडतीस वर्षे झाली, आणि तुमच्या हातची म्हणून या घरात उरलेली ती शेवटची वस्तू होती. सागाची फळी, तिच्यावर चिनी मातीचे चार फ्यूज, शेजारी लोखंडी पेटीतला मेन स्विच. तिथे आता पांढरा, गुळगुळीत डबा आहे, आणि त्याच्याभोवती भिंतीचा जो भाग उघडा पडला त्यावर घर बांधले तेव्हाचा फिकट निळा रंग अजून आहे. मी सकाळपासून त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसलो आहे. उठावेसे वाटत नाही. काल घरात जे घडले ते तुम्हाला क्रमाने सांगतो. तुम्हाला क्रम लागे.

आधी तुमच्या वेळचे आठवते. रविवारी सकाळी चहा झाला की तुम्ही बोर्डापाशी जाऊन उभे राहता. मी मागे उभा असतो. तुम्ही मेन स्विचच्या पेटीला हाताची उलटी बाजू लावता आणि क्षणभर डोळे मिटता. तळहात लावलास आणि विजेचा धक्का बसला तर बोटे आवळली जातील, हात सुटणार नाही, असे तुम्ही मला शिकवले होते. पेटी कोमट लागली तर दुरुस्ती, गरम लागली तर ताबडतोब दुरुस्ती. फ्यूज उडाला तर घरात कोणी वैतागायचे नाही. त्या वेळी काय काय चालू होते ते आधी पाहायचे. बोर्डाखाली सुतळीने बांधलेला एक पुठ्ठा लटकत असे. घरात आलेले प्रत्येक उपकरण त्याच्या वॅटसह त्यावर लिहिल्याशिवाय लावायचे नाही, असा तुमचा वर्कशॉपमधला शिस्तीचा नियम. पाच दिवे, दोन पंखे, रेडिओ, इस्त्री. इस्त्री लिहिली त्या दिवशी आई म्हणाली होती की या घरात सुनेची नोंद इतकी काटेकोर झाली नव्हती. सगळ्यांत खाली तुम्ही एक आकडा लिहिला होता आणि त्यापुढे, ‘बेरीज इथवर आली की बोर्ड बदलणे’.

मी नुकताच एम. ए. झालो होतो. एका दुपारी तुम्ही ड्यूटीवर असताना मी तो पुठ्ठा लाल शाईने तपासला. ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले, ‘बदलणे’ खोडून ‘बदलावा’ केले, आणि संध्याकाळी तुम्हाला दाखवला. तुम्ही चष्मा लावून तो सगळा वाचलात. तुमचा आवाज कधी चढत नसे, तेव्हाही चढला नाही. ‘शब्द सुधारलेस. बेरीज तपासलीस का?’ एवढेच विचारलेत आणि पुठ्ठा जागेवर बांधलात. मी बेरीज तपासली नव्हती. पुढेही कधी तपासली नाही. तुमच्यानंतर फ्रिज आला, पाण्याची मोटर आली, गिझर, धुण्याचे यंत्र आणि शेवटी वरच्या खोलीत एसी आला. त्यांतले एकही त्या पुठ्ठ्यावर चढले नाही. पुठ्ठा केव्हा गळून पडला तेही मला सांगता येणार नाही.

तुमचा नातू रेल्वेत आहे आणि बदलीच्या गावी राहतो. इथे मी आणि सूनबाई. ती इथलीच, झाशीची, हिंदीभाषी घरातली. लग्नानंतर पहिले वर्षभर ती मोठ्या हौसेने माझ्याशी मराठीत बोलत असे आणि मी तिचे प्रत्येक वाक्य दुरुस्त करीत असे. दुसऱ्या वर्षी तिने मराठी सोडली. माझे शिकवणे चुकले असे मला तेव्हा वाटले नाही. आता या घरात मराठी बोलणारा मी एकटा उरलो आहे, आणि तीही बहुतेक वेळा मनातल्या मनात. बोर्ड बदला, असे ती मला चार वर्षे सांगत होती. मोटर सुरू झाली की दिवे पिवळे पडत. गिझर आणि मिक्सर एकत्र लावला की मेन स्विच मधमाश्यांसारखा गुणगुणे. फ्रिजच्या प्लगभोवतीचे प्लास्टिक तपकिरी झाले होते. ‘बाबूजी, मोटर चलती है तो पंखा साँस लेने लगता है,’ असे ती म्हणाली, आणि वर्णन इतके नेमके होते की मला त्यात दुरुस्ती सुचली नाही. मी दरवेळी एकच उत्तर देई. हा अण्णांनी बसवलेला बोर्ड आहे. ते वर्कशॉपमध्ये तीस वर्षे वीज सांभाळीत होते. आजवर या घरात एक ठिणगी उडालेली नाही. तुमचे नाव पुढे केले की ती विषय सोडून देई. बोर्ड केव्हा बदलायचा हे तुम्ही स्वतःच लिहून ठेवले होते, हे मी तिला कधी सांगितले नाही.

गेल्या आठवड्यात घरात वास येऊ लागला. सूनबाई म्हणाली, शेजारचे मासे तळत असावेत. मी म्हणालो, कपाटामागे उंदीर मेला असेल. दोघांनी मिळून तीन दिवस कपाटे सरकवली. आपल्या घरात मासा कधी शिजला नाही, त्यामुळे तो वास कशाचा हे दोघांनाही खात्रीने सांगता येईना. चौथ्या दिवशी तिने मला न विचारता सदर बाजारातून एका मिस्त्रीला बोलावले. पन्नाशीचा, शांत, बोलण्यात मिश्किल. त्याने उंबऱ्यातच नाक वर केले आणि म्हणाला, ‘मछली नहीं पक रही, बाबूजी, आपका बोर्ड पक रहा है.’ स्विचमधले जुने कडक प्लास्टिक, बेकेलाइट, तापले की असाच वास येतो, असे त्याने समजावून सांगितले. सूनबाई हसली. मीही हसल्यासारखे केले. त्याने मेन स्विचला हात लावला, हाताची उलटी बाजू, आणि लगेच मागे घेतला.

काल काम सुरू झाले. वीज बंद करून त्याने एकेक फ्यूज ओढून काढला. तीन फ्यूजांत केसासारखी बारीक तार होती, जशी तुम्ही घालत असा. चौथ्यात तांब्याच्या अनेक तारा एकत्र पिळून केलेला जाड पीळ होता. त्याने तो उजेडात धरला. मग त्या फ्यूजची लाइन कुठे जाते ते शोधत तो आईच्या खोलीत गेला आणि खाटेच्या वर भिंतीवर तारा झाकणारी लाकडी पट्टी त्याने उचकटली. आतल्या तारेचे रबर बोट लावताच भुकटी होऊन पडले. जोडापाशी पट्टी वीतभर काळी पडली होती. जळून कोळसा झालेले लाकूड, अण्णा, भिंतीच्या आतल्या बाजूने, कोणाला कळू न देता.

‘फ्यूज उड़ता तो ये नहीं होता,’ तो सूनबाईला म्हणाला. ‘मोटा तार डालकर फ्यूज का मुँह बंद कर दिया. लगाया बड़े सलीक़े से है, पर था कोई नासमझ. घर में सोने वालों की नहीं सोची.’

सूनबाईने माझ्याकडे पाहिले. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, उलट संकोच होता. ‘बाबूजी, ये दादाजी ने लगाया था?’

मी म्हणालो, ‘बोर्ड उन्हीं ने लगाया था.’

वाक्य निर्दोष होते. त्यातला प्रत्येक शब्द खरा होता. मिस्त्रीने मान हलवली आणि कामाला लागला. सूनबाईने संध्याकाळी फोनवर तुमच्या नातवाला सांगितले की दादाजींच्या हातून चूक झाली होती, देवाच्या दयेने आपण वाचलो. ज्या माणसाने आयुष्यभर एक तार सैल सोडली नाही, तो या घरात आता नासमझ म्हणून ओळखला जाईल. मी व्हरांड्यात बसून ते ऐकत होतो. अनोळखी माणसाच्या बोलण्यातली चूकसुद्धा दुरुस्त केल्याशिवाय मला राहवत नाही. काल राहवले.

तो पीळ मी घातला. तुम्हाला जाऊन पुरते वर्ष झाले नव्हते. ज्येष्ठ महिना होता, झाशीची भाजणारी लू वाहत होती. दुपारी अंगणातल्या नळाला हात लावता येत नसे. आईला ताप होता, तो उतरून पुन्हा चढे. मी मानिक चौकातून कूलर आणला. कूलर आणि मोटर एकत्र चालली की फ्यूज उडे. एका दुपारी तो तीन वेळा उडाला. काय काय चालू होते ते पाहायला हवे होते, एक गोष्ट बंद करायला हवी होती. मी कूलरच्या तारेचे उरलेले टोक सोलले, आतल्या सगळ्या तांब्याच्या तारा नीट पिळल्या, टोके समान कापली आणि फ्यूजमध्ये बसवली. मग तो कधी उडाला नाही. आई त्यानंतर सहा वर्षे त्याच खोलीत, त्याच खाटेवर झोपली. एखाद्या रविवारी मी पेटीला हात लावला असता तर ती गरम लागली असती. मी लावला नाही. तुमचा बोर्ड आहे, असे लोकांना सांगत राहिलो.

आज सकाळी सूनबाईने चहा आणून ठेवला. मी भिंतीसमोर का बसलो आहे याचा तिने तिच्या परीने अर्थ लावला असावा. तुमच्यासाठी मला वाईट वाटते आहे, असा. कित्येक वर्षांनी ती माझ्याशी मराठीत बोलली. ‘जाऊ द्या, बाबूजी. अण्णांना काय माहीत होता, घरात इतके सामान येईल.’ वाक्यात एक चूक होती. ती दाखवण्याचा अधिकार मला उरलेला नव्हता. ती तुम्हाला क्षमा करीत होती आणि मी तिला ती करू दिली.

हे पत्र मी आता पुन्हा वाचले, सवयीने, चुकांसाठी. भाषेची एकही सापडली नाही. पण आईच्या तापाचे वाक्य आणि कूलरचे वाक्य मी शेजारी शेजारी ठेवली आहेत, जसे काल मिस्त्रीच्या आरोपाशेजारी ‘बोर्ड उन्हीं ने लगाया था’ ठेवले तसेच. दोन्ही वाक्ये खरी आहेत. कूलर मात्र आईसाठी नव्हता. तो माझ्या खोलीच्या खिडकीत होता. मी तिथे बसून परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासत असे. त्याची तार आईच्या खाटेवरून जात होती. तिच्याकडे पंखा होता आणि तो तिला पुरतो, असे ती म्हणाली होती. मी दुसऱ्यांदा विचारले नाही.

सूनबाई स्वयंपाकघरात आहे. भांड्यांचा आवाज इथवर येतो. हे तुम्हाला लिहिण्यात काहीच कठीण नव्हते. तिच्यापाशी जाऊन सांगायला दहा पावले चालावी लागतील, आणि वरचा मजकूर लिहून अर्धा तास झाला तरी मी अजून खुर्चीतच आहे.