आवडत्या दुकानांची हकिगत

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (गुडघा धरला आहे, म्हणून तो कागदावरच घालतो, तू मनातल्या मनात मला उठव). तुझी पाठ कशी आहे? दाजी नवी कवळी वापरायला लागले, की ती अजून डबीतूनच हसते आहे? इकडे मी खुशाल आहे. किती खुशाल, ते पुढे येईलच.

तुझं पत्र मिळालं. ‘नव्या गावात तुझी आवडती दुकानं कोणती, जेवायला कुठे जातोस, सविस्तर कळव,’ असं लिहिलंस. ताई, जन्मात तू मला कधी आवड विचारली नाहीस. माझ्या ताटात काय पडायचं ते तूच ठरवत आलीस. तेव्हा हा प्रश्न तुझा नसून तुझ्या लाडक्या भावजयीचा आहे, हे न कळण्याइतका मी काही दूधखुळा नाही. मी निघालो तेव्हा तिने दारातच बजावलं होतं, की लेकीची परीक्षा झाली की आम्ही येऊ, पण तिथे एक तरी दुकान असं ठेवा, जिथे मी तुमची बायको आहे हे कळल्यावर लोक शटर खाली ओढणार नाहीत. ते नसेल तर आम्ही दोघी इथेच बऱ्या. आता, मागच्या घरी मी असताना तिला साध्या मिठाच्या पुडीसाठी बसने जावं लागायचं हे खरं आहे. पण त्यात माझं काय चुकलं? नळांच्या कारखान्यात मी माल तपासायला बसतो. दिवसभर वाकडे नळ बाजूला काढायचे आणि संध्याकाळी वाकडा माल मुकाट्याने पिशवीत टाकायचा, हे मला जमत नाही, इतकंच.

तर तिला सांग, इथे सगळं झकास आहे. घराच्या खालीच बेकरी आहे आणि ती माझी सर्वांत आवडती. चालवणारी बाई इतकी सभ्य, की गिऱ्हाइकाकडे न बघताच माल देते. उगाच कुणाला लाजल्यासारखं व्हायला नको. तिचा ब्रेड म्हणजे कलाकुसरच. एका टोकाची स्लाइस दाराच्या फळीएवढी जाड, तर दुसऱ्या टोकाची अशी पातळ की डोळ्यांपुढे धरून वर्तमानपत्र वाचावं. मी एका शब्दाने तक्रार केली नाही. फक्त खिशातलं माप काढलं (ते असतंच, दाजींच्या खिशात जसा दुसरा चष्मा असतो), काउंटरवर एकेक स्लाइस मोजली आणि आकडे वाचून दाखवले. मागे रांग होती, त्या बिचाऱ्यांनाही माहिती मिळावी म्हणून जरा मोठ्याने वाचले. बाईने ब्रेड माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाली, “तुम्ही नळच खात जा.” (माझा धंदा तिला कसा कळला म्हणशील, तर आधी हुद्दा सांगितल्याशिवाय तपासणी करायची नसते.) तेव्हापासून तिची माझ्यावर खास नजर आहे. मी रस्त्याने येताना दिसलो की ती दारावरची पाटी ‘बंद’कडे फिरवते आणि मी पुढे गेलो की परत ‘चालू’कडे. मी एकदा कोपऱ्यावरून डोकावून पाहून खात्री केली.

केस कापायची सोयही उत्तम. न्हावी मोठा मानी माणूस. दोन कानांपुढचे कल्ले सारखे नाहीत, हे मी मापानिशी दाखवल्यावर त्याने कात्री ठेवली ती ठेवलीच. सध्या मी फक्त डावीकडून बघण्यासारखा आहे. तुझ्या भावजयीला फोटो पाठवला तो डावीकडूनच, आणि तो तिला आवडला म्हणे.

राहता राहिलं जेवण. कोपऱ्यावरच्या हॉटेलाइतकं मानाचं जेवण मी आजवर कुठे जेवलो नाही. पहिल्याच दिवशी शेजारचं टेबल डुगडुगताना दिसलं. आपल्याच्याने कुठलं बघवतंय? मी पायाखाली सारायला नळाचा वायसर घेऊन टेबलाखाली शिरलो. त्या टेबलावर एक अख्खं कुटुंब जेवत होतं हे मी कबूल करतो. पण टेबल भाराखालीच तपासावं लागतं, रिकामं टेबल कुणीही सरळ करील. त्यांच्या आजीबाईंना हा शास्त्रीय मुद्दा माहीत नसावा. त्यांची चप्पल माझ्या कानाला लागली, रश्शाचं भांडं आडवं झालं आणि मालक खाली वाकून अगदी अदबीने म्हणाला, “साहेब, आधी वर या, मग बाहेर जा.” आता मला जेवण स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीतून मिळतं. बाकीचे बिचारे समोरच्या दाराने आत जाऊन बसतात. (आणि ते टेबल आता हलत नाही. कुणाला त्याचं कौतुक आहे?)

एरवी बरं चाललंय. खिडकीतून आणलेलं घरी उभ्याउभ्याच खातो, कारण बसलं की समोरच्या दोन खुर्च्या दिसतात. लेकीसाठी उजेडाची जागा बघून टेबल मांडून ठेवलंय. करमत नाही, ताई. पण हे तिला सांगायची गरज नाही. दुकानांचं तेवढं सांग.

दाजींना नमस्कार, भाच्यांना एकेक धपाटा (हलक्या हाताने).

तुझा धाकटा,
(ज्याला तू सदानकदा भांडखोर म्हणतेस तो)

ता. क. परीक्षा संपायच्या आधी आठ दिवस तू इकडे येशील का? विशेष काही नाही. बेकरीत जायचं, त्या बाईच्या सांध्यांची चौकशी करायची, तुझ्या सुनेची गाऱ्हाणी सांगायची आणि दोघींचे डोळे पाणावले की हळूच विषय काढायचा. पूर्वी माझ्या हेडमास्तरांना गुंडाळलंस तसंच. मात्र माझी बहीण म्हणून सांगू नकोस. आपलं दोघांचं नाक एकच आहे, त्याला इलाज नाही. बोलताना रुमाल धर.

ता. क. २. तू येऊ नकोस, पाठ सांभाळ. पाकीट चिकटवायच्या आधी मीच खाली जाऊन आलो. पाटी ‘बंद’ होती तरी आत शिरलो. बाईने सुरी उचलली (ब्रेड कापायचीच, पण उचलली). मी म्हटलं, माझी बायको आणि मुलगी येणार आहेत, त्यांना तेवढं परत पाठवू नका. मी दुकानात पाऊल टाकणार नाही. ती बराच वेळ माझ्या उजव्या कल्ल्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “त्यांना पाठवा. तुम्ही बाहेर पायरीवर उभं राहायचं, तोंड बंद ठेवून. जमेल? आत्ता राहून दाखवा.” तिची सगळी रांग संपेपर्यंत मी तिथे उभा होतो. ताई, ती पायरी एका अंगाला उतरती आहे. चांगली बोटभर. माप माझ्या खिशात होतं.

मी काही बोललो नाही. तुझ्या भावजयीला एवढंच सांग.