धुरपदाच्या बाजूचा शॉकअप

९ जानेवारी २००६, सोमवार

आज पुन्हा आपटलो! शिरूरहून परत येताना न्हावऱ्याच्या पुढं खड्डा — कुठून आला कळलंच नाही. गाडी अशी धाडकन बसली की दातावर दात वाजले. जिभेतून रक्त आलं.

धुरपदा दिवाळीनंतर शिरूरला लेकीकडं गेली, प्राचीच्या दुसऱ्या बाळंतपणाला. तेव्हापासून हे चाललंय. वीस वर्षं आम्ही नवरा-बायको या राजदूत मोटारसायकलवर फिरलो. असे दणके कधी बसले नाहीत. एकट्याला गाडी कडक लागते का? की मागचे शॉकअपच मेले? मेलेच असणार.

जाताना ती म्हणाली होती, "आता न्हाई बसायची मी गाडीवर. कंबर ऱ्हायली न्हाई. हितून पुढं मी आन् एस्टी!" हसत म्हणाली. मला मात्र तेव्हापासून एकच घोर. ती मागं नसेल तर गाडी ठेवून करू काय? आज जावई सम्राट म्हणाला, "मामा, इकून टाका आता." ऐकलंच नाही असं केलं.

एक फेब्रुवारीला तिला आणायचंय. त्याच्या आत दोन्ही शॉकअप नवे. तिच्या कंबरेला रस्ता कळताच कामा नये.

११ जानेवारी, बुधवार

चौफुल्यावर हौशीरामकडं गाडी नेली. पाबळला गाडीकाम शिकून आलेला मिस्त्री. हात चांगला, तोंड वाईट. मागची सीट दाबली, सोडली. पुन्हा दाबली, सोडली.

"मामा, डावा बोटभर बसलाय. मामी एका अंगानं बसत्यात न्हवं?"

लुगड्यात दुसरं कसं बसणार? दोन्ही पाय डावीकडं, एक हात माझ्या खांद्यावर.

"मग त्येच. बाकी तेल गळत न्हाई, काय न्हाई. अजून दोन वरसं बघायचं काम न्हाई."

"अरे, मला दणके बसतात!"

"मग रस्ता बदला," म्हणे.

रागानं निघालो. पण वाटेत मन त्याच बोटभर जागेत अडकलं. वीस वर्षं ती डावीकडं बसली आणि लोखंड तिच्या बाजूला झुकलं. आमचा दोघांचा फोटो एकच आहे, तोही पिवळा पडलेला. ही दुसरी खूण. ती मी कधी पाहिलीच नव्हती.

१२ जानेवारी

डावाच बदलायचा की जोडी? जेवण गेलं नाही.

१४ जानेवारी, शनिवार, संक्रांत

दौंडला स्पेअरच्या दुकानात गेलो. घरच्या टेपवरचे आकडे पार पुसलेत, म्हणून जुन्या शॉकअपचं माप सुतळीनं घेतलं होतं. वरच्या भोकाशी एक गाठ, खालच्या भोकाशी एक. दुकानदार सुतळीकडं बघून हसला. हसू दे.

त्यानं तीन मांडले. एक जुन्यासारखा, स्प्रिंगवर पत्र्याचा डबा. दुसरा उघड्या स्प्रिंगचा, खाली पाच खाचा — खाच फिरवली की कडक, नाहीतर मऊ. तिसरा गॅसचा, लाल डबीवाला, तरण्या पोरांच्या गाडीला असतो तसा. मी तिन्ही हातात घेऊन बसलो. डबेवाला ओळखीचा वाटला, पण खाचा नाहीत. गॅसचा बघून धुरपदा म्हणेल, म्हाताऱ्याला मिशा फुटल्या!

"मागं कोण बसणार? वजन सांगा, म्हंजी बघू."

वजन! छत्तीस वर्षांचा संसार, आणि मला माहीत नाही. बाहेरच्या डब्यात रुपया टाकून शिरूरला फोन लावला. प्राची म्हणाली, "आबा, थांबा, बाळाला दवाखान्यात न्यायचंच आहे. आईलाही काट्यावर उभं करते."

मागून धुरपदाचा आवाज, "ईचार त्यांला, बाजारात इकायला न्यायचंय का मला?"

संध्याकाळी घरी येताना केडगावातून मीच परत फोन लावला. त्रेचाळीस किलो! इतकीच? मला ती कायम भारदस्त वाटत आली.

१७ जानेवारी, मंगळवार

सकाळी रुळाकडेनं फिरायला गेलो. तीस वर्षं याच लाईनीला मी चावीवाला होतो. खांद्यावर हातोडा घेऊन रोज चालायचं, रुळाची सैल चावी दिसली की ठोकायची, आणि दिवस संपला की वहीत लिहायचं. ती खोड सुटली नाही, म्हणून ही वही. अधूनमधून साहेब डोळे तपासायला बोलवायचे. दर वेळी म्हणायचे, चांगदेव, तुझी नजर घारीची!

आज सगळं दुधात बुडवून काढल्यासारखं होतं. ऊस कुठं संपतो, आभाळ कुठं लागतं, काही नाही. गुऱ्हाळं पेटलीत, त्यांचाच धूर. सूर्याभोवती एक कडं, त्याभोवती आणखी एक. दोन रुळांचे चार झाले होते. आणि त्या चार रुळांवरून आमची गाडी चाललेली — आवाज नाही, दणका नाही. धुरपदा मागं पदर सावरून बसलेली. केडगाव गेलं, दौंड गेलं, पुढं गावंच नाहीत, नुसतं पांढरं. कुठं निघालो ते दोघांनाही विचारावंसं वाटत नाही.

भानावर आलो तेव्हा दहा वाजून गेले होते. धूर तसाच!

२१ जानेवारी, शनिवार

पाच खाचांचेच घेतले. हौशीरामनं बसवले. म्हणाला, "जुनं ठिवा घरी. त्यांला काय झालेलं न्हाई." ठेवले. डाव्याला सुतळी बांधून ठेवलीय, ओळख राहावी म्हणून.

घरी येताना दोनदा दणका. पहिलीच खाच असेल म्हणून!

२४ जानेवारी

दुसरी खाच — दणका. चौथी खाच — दणका. पाचवीला तर मणके मोजता आले असते. आठवडा उरलाय! ती एकदा बसेल आणि एकाच खड्ड्यात कायमची उतरेल.

२७ जानेवारी, शुक्रवार

हौशीरामशी भांडायला गेलो. त्यानं पाना घेतला. स्प्रिंगखालची रिंग तिसऱ्या खाचेवर आणली, हात पुसले. "उतरा. मागं बसा. मी चालवतो."

चौफुला ते स्टेशन, स्टेशन ते चौफुला. एक दणका नाही! वीस वर्षांत मी माझ्या गाडीवर मागं बसलो नव्हतो. मुद्दाम डावीकडं दोन्ही पाय सोडून बसलो. हौशीराम ओरडला, "मामा, लोकं बघत्यात!" बघू देत. पाय टेकायची पट्टी तिच्या टाचेनं गुळगुळीत झालीय. तिथून मान वळवल्याशिवाय समोरचा रस्ता दिसत नाही, बाजूला जग सरकत राहतं. बाभळी, कांद्याची वावरं, हिरवं-पांढरं, कडा नसलेलं. हे सगळं ती बघत आली होती तर! मी आपला पुढचा रस्ता बघणारा.

उतरल्यावर हौशीराम म्हणाला, "शॉकअप एक नंबर हायत, मामा. तुमी खड्डं गोळा करत चालवताय."

त्याचं तोंड वाईटच. पण तिसरी खाच ठरली.

३० जानेवारी

परवा! तिचं वजन त्रेचाळीस, पण बोचकं वेगळं. तिसरी की चौथी? बुद्धविहाराच्या पायरीवर तासभर याच विचारात बसलो.

१ फेब्रुवारी, बुधवार

आणली! गाडीवर आणली!

जाताना एकटा होतो, तीन दणके बसले. सांगायचंच नाही असं ठरवलं. दारात गाडी लावली आणि नवे शॉकअप दाखवले. ती खाली वाकली — कंबर धरली नाही, वाकली — आणि स्प्रिंगवर हात फिरवला. "माझ्यासाठी?"

प्राची म्हणाली, "आई, एस्टीनं जा. आबा येतील मागनं."

धुरपदा माझ्याकडं बघत राहिली. मग पदर खोचला. "एकल्याला कसं सोडू? बसते मी."

खांद्यावर हात आला. न्हावरा गेलं. पारगावचा पूल गेला, खाली भीमा चांदीची. चौफुला आला. एक दणका नाही! जाताना मोडलो होतो तोच रस्ता, आणि कुणी त्याच्यावर गोधडी अंथरल्यासारखा. सतरा तारखेला लाईनीवर उभं राहून पाहिलं होतं, अगदी तसंच. बोलावंसंही वाटलं नाही. घरी विचारलं, "कंबर?"

"बरी हाय," म्हणाली, आणि चुलीकडं गेली.

शॉकअप जिंकले! हौशीरामला पेढे.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

पेढे द्यायला एकटाच गेलो. चौफुल्याच्या अलीकडं धाडकन! पेढे रस्त्यावर. तीच खाच, तोच रस्ता, परवा गोधडी होती. ती नसताना शॉकअपला काय होतं?

४ फेब्रुवारी, शनिवार

आज तिला मागं घेऊन निघालो आणि सगळं लक्ष खांद्यावर ठेवलं. दोन बोटं दाबली — माझा पाय आपोआप ब्रेकवर — मग गतिरोधक आला. पुन्हा दोन बोटं. खड्डा. मला आधी दोन्ही दिसले नव्हते.

गाडी कडेला घेतली. कधीपासून, विचारलं.

"झाली की दोन वरसं."

"बोलली का नाहीस?"

"घारीची नजर तुमची. मी काय बोलू? म्हणलं, मी बसले न्हाई तर तुमीबी गाडी सोडचाल."

"आणि कंबर?"

"कंबरेला काय झालंय माझ्या?"

गाडी ढकलत घरी आणली. तिनं मागून हात लावला.

सोमवारी पॅसेंजरनं दौंड, डोळ्यांच्या दवाखान्यात. ती म्हणते, खिडकीशी तुमीच बसा. भायेर काय काय हाय ते मी सांगते.